कापलेल्या पानांच्या मागावर

मी वऱ्हाडात गेले ती रागानं.

पुण्यातल्या आमच्या पुस्तकप्रेमी मंडळात दर महिन्याला आम्ही दहा-बारा जण जमतो. कोणी जुने नकाशे जमवतं, कोणी नाटकांच्या जाहिराती. मी पाकपुस्तकं जमवते. शाळेत ग्रंथपाल होते तेव्हापासूनची ही सवय. रद्दीतून निघालेली पाकपुस्तकं, महिला मासिकांचे खाद्यविशेषांक, तेल कंपन्यांनी फुकट वाटलेल्या पुस्तिका, सगळं चालतं. फक्त वापरलेलं हवं. हळदीचं बोट उमटलेलं, तेलानं आरपार झालेलं. कोरं करकरीत पाकपुस्तक मी घेत नाही. ते कोणीतरी लग्नात दिलेलं आणि कोणीही न उघडलेलं असतं.

यंदा मंडळानं महाराष्ट्रातल्या जुन्या पाकपुस्तकांचं प्रदर्शन ठरवलं आणि काम माझ्याकडे आलं. कोकण, देश, खानदेश, मराठवाडा अशी टेबलं मांडली. वऱ्हाडाचं टेबल रिकामं राहिलं. तिथं लिहिलेलं, तिथंच छापलेलं एकही पुस्तक माझ्याकडे नव्हतं. मी हे बोलून दाखवलं तेव्हा आमचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, ते म्हणाले, "अहो, वऱ्हाडाला पाकपुस्तक कशाला लागतंय? तेल ओता, तिखट टाका, झाला स्वयंपाक."

सगळे हसले. मीही हसले. घरी पोचेपर्यंत मला त्या हसण्याचा राग आला होता, आणि त्यातला निम्मा स्वतःचाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अमरावतीचं तिकीट काढलं. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, एकटी? साठीत? पुस्तकासाठी?" तिन्ही प्रश्नांना मी हो म्हटलं.

अमरावती

जानेवारी संपत आला होता. सकाळी गारठा, दुपारी डोक्यावर पदर घ्यावासा वाटेल इतकं ऊन. पहिला दिवस रद्दीच्या दुकानांत गेला आणि वाया गेला. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं ढिगानं होती. स्वयंपाकाची म्हटलं की दुकानदार मान हलवायचे. एक जण तर म्हणाला, "आमच्या इकडं बाया पुस्तक पाहून रांधत नाई जी." मला नानांचीच आठवण झाली. म्हटलं, याच्याशी नंतर भांडू.

संध्याकाळी राजकमल चौकाच्या बाजूला गाडीवर वडे पातळ आंबट दह्यात बुडवून, वर लाल चटणी घालून देत होते. मी म्हटलं, "एक दहीवडा द्या."

"दहीवडा नाई जी, गिला वडा."

"फरक काय?"

"खाल्ल्यावर समजते."

समजला. पुण्याचा दहीवडा गोडाकडे झुकतो, पाहुण्याशी बोलावं तसा. हा वडा पहिल्या घासाला लसणाचा फटका देतो आणि मग दह्यानं समजूत काढतो. नाकाडोळ्यांतून पाणी काढत मी दुसरी प्लेट घेतली. गाडीवाल्यानं चटणी थोडी कमी घातली. मी त्याला पहिल्याइतकीच घालायला लावली.

दुसऱ्या दिवशी हनीफभाई भेटले. जुन्या वस्तीतलं अंधारं दुकान, साठी उलटलेला माणूस, नाकावर चष्मा. मी काय हवं ते सांगितल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"कायले पायजे तुमाले? घरी रांधाले का दुकानात इकाले?"

"ठेवायला."

"ठेवून काय करता?"

मी म्हटलं, "पुण्यात एक माणूस म्हणतो की तुमच्याकडे असं पुस्तकच नाही. मला त्याला दाखवायचंय."

हनीफभाई उठले. "असं काहून म्हणे थो?" म्हणत आत गेले आणि बऱ्याच वेळानं एक पोतं ओढत बाहेर आले. महिन्याभरापूर्वी भातकुलीच्या एका घरातून आणलेला माल होता. नवं घर बांधलं म्हणून जुनी पेटी रिकामी केलेली. शाळेच्या वह्या, पंचांगं, आणि तळाशी एक दोऱ्यानं शिवलेली पुस्तिका. खाकी कागदाचं आवरण. आत टंकलेखनाची अक्षरं, चक्रमुद्रण म्हणजे सायक्लोस्टाइल यंत्रावर काढलेली, शाई कुठं फुटलेली, कुठं पुसट. वर लिहिलं होतं, "आमच्या घरचं जेवण. संकलन: कौसल्या तायडे, गृहविज्ञान शिक्षिका, अकोला." आतल्या पानावर शाईनं मुलीचं नाव होतं. कु. पुष्पा, इयत्ता दहावी.

मी तिथंच खाली बसले. चून-भाकर, पाटोडी, तुरीच्या ओल्या दाण्यांचा सोलेभात, कढीतले गोळे, अंबाडीची भाकर, उपल्यांवर भाजायचे रोडगे. सोलेभाताचं पान तेलानं इतकं आरपार झालं होतं की पलीकडची अक्षरं दिसत होती. हे घर त्या पानावर जगलं होतं. पहिल्या पानावर तळाशी एकच ओळ होती: "यातले काही पदार्थ ज्यांना नको असतील त्यांनी पान उलटावे."

बावीस नंबरच्या पानानंतर एकदम सत्तावीस आलं.

मधली दोन पानं कोणीतरी पात्यानं, अगदी शिवणीलगत, सफाईनं कापली होती. अनुक्रमणिकेतली चार नावंही निळ्या शाईनं गिरवून झाकली होती. उजेडाला धरल्यावर एकच नाव लागलं, "लांब पोळ्या".

पुस्तक मिळाल्याचा आनंद व्हायला हवा होता. मला फक्त ती चार नावं हवी झाली. हनीफभाईंनी भातकुलीच्या घराचा पत्ता सांगितला आणि वर म्हणाले, "भांडाले जाऊन राहिल्या का?"

"बघते," मी म्हटलं.

लॉजवर परत येऊन मी पुस्तिका वाचत बसले. एके ठिकाणी लिहिलं होतं, "मूठभर सांबार बारीक चिरून घालावा." चूक दिसली की पेन्सिल उचलायची ही ग्रंथपालाची खोड. सांबार चिरतात का? मी समासात बारीक अक्षरात लिहिलं, "ओतून?"

भातकुली

अमरावतीहून भातकुली जवळ आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, वाळत आलेली तूर, वेचणी उरकलेली कपाशीची पऱ्हाटी. आमच्याकडची माती तांबूस आणि दगडगोट्यांची. इथली माती इतकी काळी की एकटं पांढरं बोंड लांबून दिसतं.

नवं घर सहज सापडलं. दारात माझ्याच वयाच्या बाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी पुस्तिका पिशवीतून काढली आणि त्यांचा हात थांबला.

"हे तुमाले कोठी सापडलं?"

पुष्पाताई त्याच होत्या. मुलानं पेटी रद्दीत दिली हे त्यांना नंतर कळलं होतं. त्यांनी पुस्तिका मांडीवर घेतली, सोलेभाताचं पान उघडलं आणि हसल्या. मग पुढची पानं उलटता उलटता बावीसवर आल्या आणि हसू गेलं.

"ही पानं कोणी कापली?" मी विचारलं. माझ्या आवाजात शाळेतला जुना दरारा आला असावा.

"मीच कापली," त्या म्हणाल्या. "कोनाचं नाव घेऊ? दहावी झाली अन् लगन झालं. हे पुस्तक पेटीत घेऊन आली. सासूनं एक दिवस वाचाले घेतलं. त्याईले वाचता येत होतं, थेच नडलं. म्हणे, हे असलं कोनाच्या घरचं पुस्तक माह्या घरात? चुलीत घालत होत्या. मी म्हटलं, चुलीत नका घालू, मी नको थे पान काढून टाकतो. मालकाचं दाढीचं पातं घेतलं अन् कापली. चुलीत फक्त थेवढीच गेली."

"काय होतं त्या पानांवर?"

"चान्या, रक्ती, वजडी, लांब पोळ्या. तायडे मॅडमच्या घरचे पदार्थ. मॅडम बौद्ध होत्या ना. वर्गात सांगे तं आमी कानं टवकारून ऐकत होतो. पन घरी सांगायची हिंमत नोती."

मी भांडायला आले होते. कोणाशी भांडू ते कळेना. त्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीनं पुस्तक वाचवण्यासाठी पुस्तकाचा तुकडा दिला होता.

त्यांनी जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. सोलेभात करायला घेतला. ओले दाणे, वांगं, भरपूर तेल. तेल पाहून माझा चेहरा बदलला असणार, कारण त्या म्हणाल्या, "भेऊ नका." मग म्हणाल्या, "मागून दोन काड्या सांबार तोडून आना बरं."

"तोडून?"

"बाप्पा! सांबार नाई माहीत? तुमी पुन्याचे कोथिंबीर म्हनता ना त्याले."

मी मागे जाऊन कोथिंबीर तोडून आणली. परत येईपर्यंत माझे कान तापले होते. त्या पुस्तकात माझी पेन्सिल चालली होती आणि ती मला आता पुष्पाताईंच्या पात्याचीच बहीण वाटत होती. त्यांनी निदान सासूच्या धाकानं कापलं होतं. मला कोणाचा धाक होता?

भात अप्रतिम होता. निघताना पुष्पाताईंनी पुस्तिका परत माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "मॅडम जिवंत असल्या तं सांगा, पुष्पीचं चुकलं म्हना." मॅडम अकोल्यात कोणत्या भागात राहतात तेवढं त्यांना ठाऊक होतं.

अकोला

अकोल्यात त्या भागात उतरून तायडे मॅडमचं घर विचारलं तर तिसऱ्याच माणसानं दारापर्यंत नेलं. त्याची आई त्यांची विद्यार्थिनी होती.

दार सुनेनं उघडलं. सुनंदा, चाळिशी-पंचेचाळिशीची, सरकारी नोकरीतली. शनिवार होता, सुट्टीचा दिवस. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली ताजी फुलं. खुर्चीत कौसल्याबाई बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, पाठ ताठ, चष्मा दोरीला बांधलेला. "जय भीम" म्हणाल्या. मी "जय भीम" म्हटलं आणि पुस्तिका त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती आधी तपासली. रडल्या वगैरे नाहीत. आवरण, शिवण, अनुक्रमणिका, मग समासावर बोट थांबलं.

"हे 'ओतून' कोणी लिहिलं?"

"मी."

"काहून?"

मी सांगितलं. त्यांनी सुनंदाकडून खोडरबर मागवला आणि माझ्या हातात दिला. मी खोडलं. त्यांनी फुंकर मारून कचरा उडवला आणि पुढे गेल्या.

कापलेल्या पानांची गोष्ट मी सांगितली, पुष्पाताईंचा निरोपही. त्या म्हणाल्या, "पुष्पा म्हणजे ती लांब वेणीची. अंबाडीची भाकर झकास थापायची. चुकलं कसं? तिनं बाकीचं ठेवलं की. कित्येकींच्या घरी तर अख्खं जळलं. माझ्याकडेसुद्धा एक प्रत उरली नाही."

मग त्यांनी सांगितलं. शाळेनं एका समारंभासाठी पाककृतींची पुस्तिका काढायची ठरवली. प्रत्येक शिक्षिकेनं चार पदार्थ द्यायचे. यांनी दिले ते परत आले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, हे पाकशास्त्रात बसत नाही. "मी त्यांना विचारलं, पाकशास्त्र म्हणजे काय? त्या म्हणाल्या, आहारातली पोषणमूल्यं. मी म्हटलं, मग रक्तीतलं लोह मोजा. पण पुस्तिकेत त्यांनी काही घेतलं नाही." कौसल्याबाईंचे यजमान एका वकिलाकडे कारकून होते. तिथल्या यंत्रावर दोघांनी तीन रविवार खपून पुस्तिका काढली. त्यात त्यांनी सगळ्यांचं घेतलं, कुणब्यांचं, माळ्यांचं, स्वतःचं. दहावीच्या मुलींना वाटली.

"शाळेनं त्रास दिला?"

"दिला. पण तो ठाऊक होता. दुसरा ठाऊक नव्हता. आमच्याच समाजातले एक जाणते गृहस्थ घरी आले. म्हणाले, बाई, आपण धम्म घेतला, ते सगळं मागं टाकून आलो, आणि तुम्ही तेच पुन्हा ताटात वाढता? मी म्हटलं, मी वाढत नाही, लिहिते. मागं काय टाकलं ते पोरींना कळायला नको?"

"आई," सुनंदा आतून म्हणाली. "पुरे."

ती बाहेर आली आणि माझ्यासमोर बसली. शांतपणे बोलली. "मॅडम, राग मानू नका. तुम्ही पुण्याला जाल, प्रदर्शनात हे मांडाल, लोक फोटो काढतील. आमचं इथंच राहणं आहे. ऑफिसात आजही कोणी डबा उघडला की आधी माझ्या डब्याकडे बघतात. आमच्या घराचं नाव त्या पदार्थांसोबत यावं असं मला वाटत नाही. हा तुमचा संग्रह आहे. आमचं तसं नाही."

मी म्हटलं, "तुम्ही नको म्हणाल तर मी वही उघडणार नाही."

"लिहिणारी मी आहे," कौसल्याबाई म्हणाल्या. "सुनंदा, तुझं बरोबर आहे. तुझं नाव कुठं घालू नको. माझं मी घालीन. वही उघडा जी."

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. चान्या म्हणजे मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून ठेवायच्या, टंचाईच्या दिवसांसाठी. ते आता कोणी करत नाही, करायची वेळही येऊ नये, असं त्यांनी स्वतःच लिहायला लावलं. रक्ती म्हणजे कांदा-तिखटात परतलेलं रक्त, वजडी म्हणजे आतडी आणि पोट यांचा रस्सा. मग लांब पोळ्या. "कणीक सैल भिजवायची, एकदम पातळ. मग दोन्ही हातांवर झुलवत लांबवायची, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर..."

"आई, आपटायची राहिली," आतून आवाज आला.

आम्ही दोघींनी वळून पाहिलं.

सुनंदा दारात उभी होती, हात ओले. "कणीक आधी आपटून आपटून तार आणायची. नाहीतर हातावरच फाटते. माझी आई पन्नास वेळा आपटायची." ती बोलून गेली आणि मग स्वतःवरच चिडल्यासारखी आत वळली. कौसल्याबाई मला हळूच म्हणाल्या, "लिहा. पन्नास वेळा."

जेवायला वजडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकर होती. मी जन्मात कधी खाल्ली नव्हती. आमच्या घरी अंडंसुद्धा वेगळ्या भांड्यात शिजायचं. माझा हात ताटाजवळ थबकलेला कौसल्याबाईंनी पाहिला.

"धाडस म्हणून खाऊ नका," त्या म्हणाल्या. "भूक असली तर खा. नसली तर चून आहे, तुमच्याकडचं पिठलं."

भूक होती. पहिला घास अवघड गेला, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या घासाला मिरं, खोबरं, भाजलेला कांदा ओळखू आला. तिसऱ्यापासून मी जेवत होते.

जेवण होतं न होतं तोच नानांचा फोन आला. पुस्तक मिळाल्याचं आणि कापलेल्या पानांवर काय होतं तेही मी भातकुलीहून परतल्यावर कळवलं होतं. ते खूश होते. "वा! वऱ्हाडाचं टेबल भरलं म्हणायचं. आणि काही पानं नाहीत म्हणालात ना? बरंच झालं ते एका अर्थी. सहकुटुंब लोक येतात."

"पानं मिळाली, नाना."

"मग ती वेगळी ठेवा. कोणी खास मागितली तर दाखवू."

"पुस्तक ठेवायचं तर सगळं ठेवायचं."

"हट्ट करू नका. प्रदर्शन मंडळाचं आहे."

"पुस्तकं माझी आहेत," मी म्हटलं. "एकही येणार नाही."

मी फोन ठेवला. कौसल्याबाई ऐकत होत्या. त्यांनी काही शाबासकी दिली नाही. एवढंच विचारलं, "मग मांडणार कुठं?"

"माझ्या घरात. दारावर पाटी लावून."

त्यांनी मान हलवली आणि माझं कच्चं लिखाण मागून घेतलं. दोन कोऱ्या कागदांवर, हात कापत असूनही, चारही पदार्थ स्वतःच्या अक्षरात उतरवले. पाने तेवीस ते सव्वीस. मी पुस्तिका त्यांच्यापुढे सरकवली. म्हटलं, "ही तुमच्याकडेच राहू द्या." ही गोष्ट बोलायला मला किती जड गेली ते संग्राहकांनाच कळेल.

"मी वाटलेलं परत घेत नाही," त्या म्हणाल्या. "न्या. पण चिकटवू नका, शिवा."

त्यांना सुईत दोरा ओवता येईना आणि मलाही येईना. सुनंदानं ओवून दिला. जुन्या भोकांतूनच टाके घेत मी पानं शिवली. संध्याकाळी सुनंदा मला स्टँडवर सोडायला आली. वाटेत तिनं झेरॉक्सच्या दुकानापाशी गाडी थांबवली, पुस्तिका माझ्याकडून मागून घेतली आणि पूर्ण पुस्तकाची एक प्रत काढली.

पुणे

मंडळाचं प्रदर्शन माझ्या पुस्तकांशिवाय झालं. मी त्याच दिवशी माझ्या घराच्या पुढच्या खोलीत पुस्तकं मांडली. फार कोणी आलं नाही. इमारतीतल्या बायका आल्या, भाजीवाली आली, मंडळातले दोघे जण सहज डोकावल्यासारखं दाखवत आले आणि बराच वेळ थांबले. वऱ्हाडाच्या टेबलावर ती एकच पुस्तिका होती, तेविसाव्या पानावर उघडलेली. नाना आले नाहीत.

पंधरा दिवसांनी अकोल्याहून टपालानं जाड पाकीट आलं. आत रेघी कागदावर नेटक्या अक्षरात एक पाककृती होती. "माझ्या आईच्या लांब पोळ्या. सासूबाईंच्या पद्धतीत आणि हिच्यात फरक आहे, म्हणून वेगळी लिहिली." सोबत पत्र नव्हतं. पानाच्या शेवटी सुनंदानं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं, आडनावासकट, आणि त्याखाली ऑफिसचा हुद्दा.